सरकत्या दाराचे वजन भिंतीला पेलायला हवे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या घरसजावटीच्या पुरवणीत सरकत्या लाकडी दारांवर, म्हणजे हल्ली ज्यांना सर्रास बार्न डोअर म्हणतात त्यांच्यावर, सचित्र लेख आला होता. छायाचित्रे सुरेख होती. फळ्यांची निवड, पॉलिशच्या छटा, काळ्या लोखंडी चाकांचा उठाव याविषयी लेखकाने आवडीने लिहिले आहे. पण ते दार ज्या भिंतीला टांगायचे, तिच्याविषयी अख्ख्या लेखात एकच वाक्य आहे : रेल (दाराची चाके जिच्यावरून सरकतात ती लोखंडी पट्टी) भिंतीला घट्ट बसवून घ्यावी. तंत्रशाळेत मुलामुलींना सुतारकाम शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. त्या एका वाक्यात जे काम दडले आहे ते वाचकांपर्यंत नीट पोहोचायला हवे, असे मला कळकळीने वाटते. म्हणून हे लांबलचक पत्र.

आधीच सांगते, मी या दारांच्या विरोधात नाही. आमच्या घरी सासूबाईंच्या खोलीला मी स्वतः असे दार करून बसवले आहे. त्या वॉकर घेऊन चालतात. बिजागरीचे दार आपल्याकडे ओढून उघडायचे म्हणजे वॉकरचा एक हात सोडायचा, मूठ धरायची आणि दार अंगावर येत असताना वॉकरसकट मागे सरकायचे. तोल जाण्याचा धोका नेमका तिथे असतो. सरकते दार बाजूला जाते, माणसाला मागे जावे लागत नाही. आणखी एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. आत उघडणाऱ्या दाराच्या खोलीत कोणी चक्कर येऊन दारालगत पडले, तर दार त्या माणसालाच अडते आणि मदतीला आलेले लोक बाहेर खोळंबतात. भिंतीच्या बाहेरून सरकणारे दार तशा वेळीही उघडते. म्हणून ज्या घरात म्हातारी माणसे आहेत तिथे या दाराचा विचार जरूर व्हावा, फक्त शोभेसाठी नव्हे.

मुळात ही रचना मोठ्या कोठारांची आणि गोठ्यांची. तिथे रुंद पल्ले वाऱ्याने आपटायचे, दारासमोर बर्फ साचला की उघडायचे नाहीत. म्हणून पल्ला वर टांगून भिंतीलगत सरकवायची सोय झाली. पण त्या कोठारांना जाड लाकडी खांब आणि तुळया असत. रेलचे बोल्ट थेट तुळईत जात. आपण तीच रचना विटांच्या, ब्लॉकच्या, कधी नुसत्या जिप्सम बोर्डाच्या भिंतीवर आणतो, आणि तुळई मात्र आणायची विसरतो.

आता वजनाचे बोलू. समजा चौकटीची मोकळी जागा ९०० मिलिमीटर रुंद आहे. दोन्ही बाजूंना ५० मिलिमीटर भिंत झाकायची तर पल्ला १ मीटरचा झाला. उंची २.१ मीटर, जाडी ३५ मिलिमीटर धरा. सागाचे लाकूड साधारण ६५० किलो प्रति घनमीटर भरते. गुणाकार केला की ४८ किलोच्या आसपास वजन येते, त्यात लोखंडी हँगरचे, म्हणजे पल्ला चाकांना जोडणाऱ्या पट्ट्यांचे, वेगळे. तेच दार पाइनच्या २० मिलिमीटर फळ्यांचे आणि वरून तितक्याच जाडीच्या पट्ट्या मारून केले, तर ३० किलोत बसते. लाकूड विकत घ्यायच्या आधी हा हिशेब कागदावर मांडायचा. रेल, चाके, बोल्ट सगळे त्या आकड्यावर ठरते, आणि भिंत पेलेल की नाही हेही.

यापुढचा भाग मी वर्गात फळ्यावर आकृती काढून समजावत असे. बिजागरीचे दार चौकटीला धरलेले असते. हे दार भिंतीपासून पुढे लोंबकळते. रेल आणि भिंत यांच्यामध्ये नळीसारखे छोटे स्पेसर असतात, कारण दाराला सरकायला जागा लागते. त्यामुळे वजनाची रेषा भिंतीच्या पृष्ठभागापासून सुमारे ४५ मिलिमीटर पुढे पडते. म्हणजे बोल्टवर नुसता खाली ओढणारा भार येत नाही. बोल्ट भिंतीतून बाहेर उपसणारी खेचही येते. स्पेसरचा व्यास २५ मिलिमीटर असेल, तर त्याची खालची कड भिंतीवर टेकते आणि तिथून बोल्टचे केंद्र जेमतेम १२ मिलिमीटर वर असते. ४८ किलो गुणिले ४५, भागिले १२ : उत्तर १८० किलो. दार ४८ किलोचे आणि उपसणारी खेच १८० किलोंची! ती सगळ्या बोल्टांत सारखी वाटली जाते असेही नाही. चाक ज्या बोल्टाजवळ उभे असेल, त्याच्यावर तिचा मोठा हिस्सा पडतो. दार ओढले, रेलच्या टोकाच्या अडसरावर, म्हणजे स्टॉपरवर, आदळले की त्यात झटक्याची भर.

यावर उपाय सोपा आणि जुना आहे. रेल थेट भिंतीला न लावता आधी भिंतीवर एक लाकडी आधारफळी लावायची, रेलच्या पूर्ण लांबीची, किमान १५० मिलिमीटर रुंद आणि चांगल्या कठीण लाकडाची. ती भिंतीला पक्की करायची आणि रेलचे बोल्ट त्या फळीत घ्यायचे. फळीचे भिंतीतले बोल्ट तिच्या खालच्या कडेपासून १०० मिलिमीटर वर असतील, तर तीच उपसणारी खेच ४८ गुणिले ४५ भागिले १०० म्हणजे २२ किलोंवर येते. फळीच्या जाडीएवढे दार आणखी पुढे येते, त्यामुळे आकडा वाढेल, तरी १८० च्या जवळपासही जाणार नाही. दुसरा फायदा असा की रेलची भोके कारखान्यातून ठरलेल्या अंतरावर येतात. भिंतीतला नेमका तोच बिंदू मजबूत असेल याची खात्री नसते. आधारफळी असली की भिंतीतले बोल्ट आपण हवे तिथे घेऊ शकतो. पुरवणीतल्या एकाही छायाचित्रात मला ही फळी दिसली नाही. ती दिसायला वाईट नसते. दाराच्याच लाकडाची, त्याच पॉलिशची केली तर उलट शोभते.

आता भिंत कशाची आहे ते पाहा. दाराच्या वर बहुतेक घरांत काँक्रीटचे लिंटेल, म्हणजे चौकटीवरची आडवी तुळई, असते, आणि लोक त्याच भरवशावर असतात. पण लिंटेल चौकटीच्या दोन्ही बाजूंना साधारण १५० ते २०० मिलिमीटरच पुढे जाते. दार उघडे असताना त्याचा पूर्ण भार रेलच्या दुसऱ्या अर्ध्या भागावर असतो, आणि तो अर्धा भाग लिंटेलच्या बाहेर, विटांवर किंवा ब्लॉकवर येतो. सरकते दार तर दिवसातला बराच वेळ उघडेच असते! तेव्हा ड्रिल आधी त्या बाजूला लावून भिंतीचा अंदाज घ्या. लाल भुकटी आली तर वीट, पांढरी मऊ आली तर एएसी ब्लॉक (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचा ठोकळा), बिट एकदम आत घुसले तर पोकळ ब्लॉक किंवा बोर्ड. गिलाव्याची १२ ते २० मिलिमीटर जाडी मोजण्यात धरूच नका, तो काहीही पेलत नाही. बोल्टची पकड गिलाव्याच्या मागे सुरू होते.

भरीव, पक्क्या विटेत अँकर फास्टनर (भोकात फुगून पकडणारे बोल्ट) चांगले बसतात, मात्र विटेच्या मधोमध. दोन विटांमधल्या सांध्यात नाही. एएसी ब्लॉकमध्ये फुगून पकडणारे लोखंडी फास्टनर वापरू नयेत. ब्लॉक आतून चुरडतो, बोल्ट पहिल्या दिवशी घट्ट वाटतो आणि पुढे हळूहळू ढिला होतो. त्यासाठी या ब्लॉकसाठीच बनवलेले लांब नायलॉन प्लग किंवा रसायन भरून बसवायचे अँकर मिळतात. ड्रिलचा हॅमर बंद ठेवून भोक पाडायचे आणि आतली भुकटी फुंकून, ब्रशने पूर्ण काढायची. ही भुकटी राहिली की रसायन भिंतीला न चिकटता भुकटीला चिकटते. चार इंची पातळ भिंत असेल तर मी दुसरे काहीच सुचवणार नाही : बोल्ट आरपार न्यायचा आणि पलीकडून लोखंडी पट्टी व नट लावायचा. पलीकडे पट्टी दिसते म्हणून लोक नाखूश असतात. ती रंगवा, पण लावा. जिप्सम बोर्डाच्या भिंतीत तर आतल्या उभ्या पट्ट्यांमध्ये आधी लाकूड घालून घेतल्याशिवाय हे दार टांगूच नये.

भोक पाडण्यापूर्वी विजेच्या तारा कुठून गेल्या आहेत ते शोधा. दाराशेजारी स्विचबोर्ड असतोच, आणि त्याच्या तारा बहुधा सरळ वर छताकडे जातात, म्हणजे आपल्या रेलला आडव्या छेदून. बोर्डाच्या बरोबर वर आणि बरोबर आडव्या पट्ट्यात ड्रिल लावू नये. तोच बोर्ड उघड्या दाराच्या मागे झाकला जाणार का, हेही आताच पाहा.

आधारफळी बसली की लगेच दार टांगू नका. मी विद्यार्थ्यांना दाराच्या दुप्पट वजनाच्या वाळूच्या पिशव्या फळीला टांगून रात्रभर ठेवायला लावत असे. पिशव्या भिंतीला चिकटून नकोत, दाराइतक्याच पुढे लोंबायला हव्यात, म्हणून फळीला लोखंडी ब्रॅकेट लावून त्यावर टांगायच्या. आणि लिंटेलच्या बाजूला नव्हे, दुसऱ्या टोकाला. फळी आणि भिंत यांच्या सांध्यावर पेन्सिलची एक रेघ ओढून ठेवायची. सकाळी रेघ तुटलेली दिसली किंवा वरच्या कडेला कागद सरकेल एवढी फट आली, तर बोल्ट बदलायचे. हे करायला कंटाळा येतो, आणि तरी मी हा टप्पा कोणालाही गाळू दिला नाही.

रेलची लांबी दाराच्या रुंदीच्या दुप्पट लागते. आपल्या उदाहरणात २ मीटर. तेवढी मोकळी भिंत एका बाजूला आहे का, तिथे खिडकी, कपाट, कोपरा येतो का, हे सर्वांत आधी पाहायचे. रेल पाणसळीत हवी, अगदी नेमकी. चाकांची बेअरिंग चांगली असतील तर २ मीटरमध्ये दोन-तीन मिलिमीटरचा उतारही दाराला आपोआप सरकवू शकतो. छोट्या स्पिरिट लेव्हलवर विसंबू नका. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांच्या खुणा करा, ही पद्धत अजूनही सर्वांत खात्रीची आहे. आणि उंची जमिनीवरून मोजायची तर जमीन जिथे सर्वांत उंच असेल त्या जागेवरून. फरशी सपाट दिसली तरी नसते. दार ज्या पूर्ण पट्ट्यातून जाणार तिथे सर्वांत उंच जागा शोधून तिच्यावर १० ते १२ मिलिमीटर फट ठेवली की पल्ला कुठेच घासत नाही.

दार कसे बनवावे याविषयी आपल्या लेखात बरेच आहे, म्हणून मी जे राहिले तेवढेच लिहिते.

लाकूड वाळलेले हवे. घरात वापरायच्या लाकडात ओलावा १० ते १२ टक्क्यांच्या आसपास असावा. लाकूड लांबीत जवळजवळ आटत नाही, रुंदीत आटते आणि फुगते. सागासारख्या तुलनेने शांत लाकडातही १ मीटर रुंदीच्या सलग पल्ल्यात ओलाव्याचा चार टक्के फरक पडला तर रुंदी साधारण ८ मिलिमीटर बदलू शकते. म्हणून फळ्या एकमेकींना सरसाने चिकटवून सलग पत्रा करू नये. एका फळीच्या कडेला खाच, दुसरीला तीत बसणारी जीभ, आणि प्रत्येक सांध्यात मिलिमीटरभर मोकळीक. आडव्या पट्ट्यांवर फळ्या स्क्रूने धरायच्या, तेही प्रत्येक फळीच्या मधल्या भागात. कडेला स्क्रू मारले तर फळी हलायला जागा शोधते आणि ती मिळाली नाही की चिरते. अशा दारात ऋतू बदलला की सांधे किंचित उघडतात, मिटतात. ते तसेच व्हायला हवे. सांध्यात लांबी (पुट्टी) भरून तो बुजवू नये.

पल्ला जमिनीवर आडवा ठेवून जुळवताना दोन्ही कर्ण मोजा. १००० बाय २१०० च्या पल्ल्याचा कर्ण २३२६ मिलिमीटर यायला हवा, आणि मुख्य म्हणजे दोन्ही सारखे यायला हवेत. गुण्या (काटकोन तपासायचे साधन) कोपऱ्यापुरता खरे सांगतो, कर्ण पूर्ण दाराविषयी सांगतात.

आडव्या पट्ट्यांच्या मध्ये बसणाऱ्या तिरक्या पट्टीविषयी हटकून वाद होतो, सुतारांमध्येसुद्धा. बिजागरीच्या दारात ती खालच्या बिजागरीपासून सुरू होऊन वर मुठीच्या बाजूला जायला हवी, कारण पल्ल्याचे बाहेरचे टोक झुकू पाहते आणि पट्टी त्याला खालून रेटा देते. उलटी लावली तर दार काही काळाने ओघळते. सरकते दार मात्र दोन्ही टोकांना वरून टांगलेले असते. त्याला बिजागरीची बाजूच नाही. तिथे तिरकी पट्टी पल्ला काटकोनात ठेवायचे काम करते आणि ते कोणत्याही दिशेने होते. तेव्हा इंग्रजी झेड सरळ की उलटा यावरून डोके लावू नका. हँगर मात्र उभ्या पट्ट्यांच्या मधोमध, आरपार बोल्टने, मागे मोठा वॉशर घालूनच लावा. नुसत्या स्क्रूवर हँगर लावलेले मी पाहिले आहेत. लाकूड आटले की स्क्रूची पकड सैल होते.

पॉलिश दोन्ही बाजूंना आणि चारही कडांना सारखेच द्यावे, वरच्या न दिसणाऱ्या कडेलाही. एकाच बाजूला जाड पॉलिश दिले तर दोन बाजू वेगवेगळ्या वेगाने ओलावा घेतात आणि पल्ला बाक धरतो. एका बाजूला एसी आणि दुसऱ्या बाजूला दमट हवा असेल तर हे फार लवकर होते. जवसाचे तेल वापरणाऱ्यांना एक गंभीर सूचना : तेलात भिजलेली फडकी बोळा करून टाकू नका. वाळताना त्यांच्यात उष्णता तयार होते, ती आत कोंडते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी उघड्यावर सुटी पसरून पूर्ण वाळवा किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. जुन्या घरातली दारे-फळ्या आणून हे काम करण्याची हौस वाढली आहे. लाकूड छानच असते, पण त्यात मोडके खिळे असतात, किडीचा भुगा पडतो का ते पाहावे लागते, आणि जुन्या रंगात शिसे असू शकते. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आली ती याच कारणाने. लहान मुलांच्या मेंदूला त्याने इजा होते. असा रंग कोरडा घासून घरभर त्याची धूळ करू नये.

आता ज्या तीन लहानशा वस्तूंना लेखात 'ऐच्छिक' म्हटले आहे त्यांच्याविषयी. हा शब्द वाचून मी अस्वस्थ झाले. त्यातली एकही ऐच्छिक नाही.

पहिली, तळाचा गाइड. दार वरून टांगलेले, खाली मोकळे. गाइड नसेल तर पल्ल्याचा खालचा भाग बाहेर झुलतो. मूल त्यावर रेलले, कुत्रा मागे शिरला, वॉकरचा पाय लागला की दार भिंतीपासून सुटते आणि वरची चाके रेलवर तिरकी होतात. दाराच्या खालच्या कडेला मधोमध खाच पाडायची आणि जमिनीवरचा लहानसा गाइड त्यात राहील असा बसवायचा. त्याची जागा ठरलेली आहे : चौकटीच्या ज्या बाजूला दार उघडून जाते, त्या कडेच्या किंचित बाहेर. दार पूर्ण मिटलेले असो की पूर्ण उघडे, तिथे ते गाइडवर असतेच, आणि जाण्यायेण्याच्या वाटेत पायाला काही लागत नाही. फरशीला भोक पाडायचे नसेल तर भिंतीला लावायचा, दोन लहान चाकांमध्ये दार धरणारा गाइड मिळतो.

दुसरी, चाक उसळू न देणारी चकती. ती दाराच्या वरच्या कडेवर, रेलच्या अगदी खाली बसते. दार वर उचलले गेले तर चकती रेलला अडते आणि चाक रेलवरून उतरत नाही. चकती आणि रेल यांतली फट चाकाच्या खोबणीच्या खोलीपेक्षा कमी हवी, नाहीतर तिचा उपयोग शून्य. ही चकती नसलेल्या दाराचे एक टोक उचलून मोठा माणूस चाक रेलवरून काढू शकतो; दोन मुले ओढाताण करताना तेच होऊ शकते.

तिसरी, दोन्ही टोकांचे स्टॉपर. ते रेलला आरपार बोल्टने हवेत. नुसत्या पिळून घट्ट करायच्या स्क्रूवर बसलेला स्टॉपर रोजच्या आदळण्याने सरकत जातो, आणि एक दिवस चाक रेलच्या टोकावरून खाली येते. ४८ किलोचा पल्ला पडताना कोणाला सावरता येत नाही. सावरायला जाऊही नये.

मुठीविषयी थोडे. भिंतीकडच्या बाजूला बाहेर आलेली मूठ चालत नाही, ती चौकटीला अडकते आणि दार पूर्ण उघडत नाही. तिथे लाकडात खोदून बसवलेली खोलगट मूठ लावावी. तीही भिंतीमागे जाऊ नये म्हणून उघड्या दाराचा एक भाग मोकळ्या जागेत ठेवावा लागतो, नाहीतर बोटे चिमटतात. चाकाच्या खुर्चीसाठी हा काही सेंटीमीटरचा फरक निर्णायक ठरतो. आम्ही सासूबाईंच्या दाराला लांब, उभी, गोल मूठ लावली. संधिवाताच्या बोटांना बारीक खाचेत नखे घालून ओढणे जमत नाही, तळहाताने ढकलता येते.

हे दार कुठे लावू नये तेही सांगायला हवे. भिंत आणि पल्ला यांच्यात चहूकडे फट असते, ती आवाज, उजेड, वास, सगळे आत-बाहेर जाऊ देते. पल्ला कितीही जाड केला तरी आवाज फटीतून येतो. तेव्हा शौचालयाला, अभ्यासाच्या खोलीला, शेजारी झोपमोड होईल अशा जागी मी ते सुचवणार नाही. बाहेरच्या मुख्य दाराला आणि आग लागल्यावर ज्या वाटेने पळायचे त्या वाटेवर तर नाहीच. न्हाणीघराला लावायचेच असेल तर कडी बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येईल अशी असावी.

एक विनंती आपल्याला. पुढच्या पुरवणीत भिंतीचा उभा छेद दाखवणारी एक साधी आकृती छापावी : भिंत, आधारफळी, स्पेसर, रेल, चाक, पल्ला, आणि वजनाची रेषा भिंतीपासून किती पुढे आहे ती. हवी असल्यास ती मी विनामूल्य काढून देईन. आपला लेख वाचून पुष्कळ जण या कामाला हात घालतील, आणि घालावा. स्वतःच्या हाताने केलेले दार रोज सरकवण्यात जे सुख आहे ते मी रोज अनुभवते.

ज्यांच्या घरी असे दार आधीच बसले आहे त्यांनी हे वाचून झाल्यावर चार गोष्टी तपासाव्यात. दाराचे एक टोक दोन्ही हातांनी वर उचलून पाहा. चाक रेलवरून सुटते आहे असे वाटले तर चकती नाही किंवा उंच-खाली झाली आहे. खालची कड आपल्याकडे ओढा. ती वितभर बाहेर आली तर गाइड नाही. स्टॉपरला हाताने रेटा द्या. मग स्टुलावर चढून बॅटरीच्या उजेडात प्रत्येक स्पेसरखालचा गिलावा पाहा. तिथे चंद्रकोरीसारखी बारीक चीर दिसली किंवा स्पेसरची खालची कड गिलाव्यात रुतलेली दिसली, तर बोल्ट वरून बाहेर येऊ लागला आहे. अशा वेळी नट आवळत बसू नका. दुसऱ्या कोणाला तरी हाताशी घेऊन दार त्याच दिवशी उतरवा, मुलांच्या वाटेत येणार नाही असे जमिनीवर आडवे ठेवा आणि आधारफळी लावल्यावरच परत चढवा.

आपली,
एक वाचक
(सुतारकामाची निवृत्त निदेशिका)